चाक बोलतं तेव्हा

पेन्शनवर येऊन सहा वर्षं झाली, पण पाऊस सरला की अंगणातली जुनी फोर-व्हील जीप घोडीवर चढतेच. पुढच्या चाकांची बेअरिंग मी स्वतः उघडतो. गावातला मेकॅनिक चांगला आहे. कारण वेगळं आहे.

अरुणाचलात मी एमटी जेसीओ होतो. तेजू ते हायुलियांग फेऱ्या चालायच्या. पावसात नाले रस्त्यावरूनच वाहायचे, हब पाण्यात बुडायचे. एका सकाळी गढवाली ड्रायव्हर म्हणाला, "साब, अगला बायाँ पहिया बोल रहा है." गाड्या कमी, काम जास्त. मी म्हटलं, "आज चला ले, कल खोलेंगे."

उतारावर बेअरिंग जाम झालं. गाडी डाव्या अंगाला, डोंगरावर आदळली. उजवीकडे दरी होती. पोराचं गळ्याजवळचं हाड मोडलं. हब उघडला तर ग्रीस दुधासारखं पांढरं, रोलर निळे पडलेले. हॉस्पिटलात त्याने मला एका शब्दाने बोल लावला नाही. तेच जास्त लागलं.

यंदा मुलगी मदतीला होती. तिला जीप घेऊन वरंध घाटाने कोकणात जायचं होतं. फ्लँजचे सहा बोल्ट काढले, लॉक वॉशरचं वाकवलेलं पान सरळ केलं, दोन्ही नट सोडवले. बेअरिंग रॉकेलने धुऊन वाळवली. रोलर निळा किंवा खवले पडलेला दिसला, तर बाहेरच्या कपासकट जोडी बदलायची. तळहातावर ग्रीस घेऊन ते रोलरच्या फटींतून पलीकडे येईपर्यंत दाबायचं. ऑइल सील नवं. मग चाक फिरवत आतला नट जड होईपर्यंत आवळायचा आणि एक षष्ठांश फेरा मागे घ्यायचा. वॉशर, चेक नट, पान पुन्हा वाकवायचं. शेवटी चाक वर-खाली धरून हलवायचं. खडखड नको आणि अडकणंही नको.

दहा किलोमीटर फिरून हबला हात लावला. कोमट होता. हात ठेववत नसेल, तर नट जास्त आवळला गेलाय असं समजायचं.

परतताना मुलगी म्हणाली, "बाबा, डावीकडून टकटक येतेय."

मी तिथेच गाडी थांबवली. टायरच्या खाचेत खडा अडकला होता. ती हसली. तरीही घरी आल्यावर मी डावा हब पुन्हा उघडला. सगळं ठीक होतं.

चालवणारा म्हणाला, चाक बोलतंय, तर त्याच दिवशी ऐकायचं. हे मला फार उशिरा कळलं.