वेरूळचे फोटो आणि त्यांचा पत्ता

वेरूळला जाणार असाल, तर मैत्रिणींनो, पाण्याच्या बाटलीबरोबर आणखी एक तयारी करून निघा. मोबाइलच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘लोकेशन’ चालू करा. मग प्रत्येक फोटोबरोबर त्या जागेचे अक्षांश-रेखांशही साठतात. रेंज नसली तरी चालतं बरं का, जागा उपग्रहांवरून कळते.

लेणी एकूण ३४. पहिली १२ बौद्धांची, १३ ते २९ हिंदूंची, उरलेली ५ जैनांची. घरी आल्यावर सगळे खांब सारखेच दिसू लागतात! माझ्या सासूबाई गुडघ्यांमुळे १६ व्या लेण्यात, कैलासाच्या प्रांगणातच बसून राहिल्या. जैन लेणी पाहायची त्यांना फार हौस होती. रात्री नकाशावर एकेक फोटो उघडून दाखवला, तेव्हा “अगं, म्हणजे मी इथं, आणि तुम्ही एवढ्या लांब उत्तरेला!” असं म्हणत त्यांनी सगळी वाट बोटानं चालून घेतली.

मात्र डोंगराच्या पोटात उपग्रहाचा संदेश नीट पोचत नाही. म्हणून आत शिरण्यापूर्वी उघड्यावर एक फोटो काढावा. तो लेण्याच्या क्रमांकासह आला, तर सोन्याहून पिवळं! १२ वं लेणं तीन मजली, पण नकाशावर तिन्ही मजले एकाच ठिपक्यात. तिथं मजला आपणच वहीत टिपून ठेवायचा.

घरी परतल्यावर मात्र लोकेशन आठवणीनं बंद करा. दारात खेळणाऱ्या मुलांचे फोटो चारचौघांना पाठवताना सोबत घराचा ठावठिकाणा कशाला द्यायचा?