बार्लीच्या मुलखातले मतदान

इंग्लंडातली निवडणूक म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे वेस्टमिन्स्टर उभे राहते. मला मात्र ती भेटली सफोक काउंटीतल्या एका आडगावी, नीडहॅम मार्केटपासून चार मैलांवर. माझी पुतणी तिथे नांदते. दिवस ४ मे २०२३, गुरुवार. दोन दिवसांवर राज्याभिषेक, म्हणून घरोघर पताका. निवडणुकीसाठी मात्र कुठे कर्णा नाही की घोषणा नाही! फक्त कुंपणांशी हिरव्या-निळ्या पाट्या.

मतदान गावच्या सभागृहात, सकाळी सात ते रात्री दहा. पुतणीचा पासपोर्ट अजून भारताचा. पण तिथे रीतसर राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकांनाही मत असते. फोटोची ओळख दाखवण्याची सक्ती इंग्लंडभर प्रथमच लागू झालेली, त्यामुळे एक आजीबाई दाराशीच बसचा पास शोधत पिशवी उपसत होत्या. बोटाला शाई नाही. दोरीला बांधलेल्या शिसपेन्सिलीने कागदावर फुली मारायची. आपल्याकडे मास्तर फुली मारतात ती चुकीला. इथे तीच पसंतीची खूण!

मिड सफोक डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या हाती असते काय? घरे बांधण्याची परवानगी आणि कचऱ्याची गाडी. शाळा न् रस्ते काउंटीचे. बागेतले बाक पॅरिश कौन्सिलचे. म्हणजे रस्त्यातल्या खड्ड्याबद्दल डिस्ट्रिक्टच्या उमेदवाराला कितीही सुनवा, खड्डा काउंटीचा. तरी लोक सुनावतातच. याबाबतीत ते आणि आपण सख्खे भाऊ.

खरी तळमळ होती ती जमिनीची. पुतणीचे शेजारी शेतकरी, घराणे पिढ्यान् पिढ्या कॉन्झर्व्हेटिव्ह. समुद्रातल्या पवनचक्क्यांची वीज नॉर्विचहून टिलबरीकडे न्यायची, सुमारे १८० किलोमीटर. तिचे मनोरे याच मुलखातून जायचे बेत होते. त्यांचा निकाल लंडनच्या हाती, हे म्हाताऱ्यालाही ठाऊक. पण निदान आपल्या बाजूने भांडणारे कोणी हवे! मत देऊन ते बाहेर आले, टोपी डोक्यावर ठेवली आणि पुतणीला हळूच म्हणाले, ‘या खेपेला हिरवे.’ पवनचक्क्यांचा कैवार घेणारा पक्ष तो हाच, ही गंमत मी त्यांना सांगितली नाही. त्यांना ती ठाऊक असावी.

निकाल लागला. ३४ पैकी २४ जागा ग्रीन पक्षाला, कॉन्झर्व्हेटिव्हांना ६. इंग्लंडातली एखादी कौन्सिल ग्रीन पक्षाने स्वबळावर जिंकण्याची ही पहिलीच वेळ. मौज अशी की या कौन्सिलची कचेरी तिच्या हद्दीत नाहीच. ती आहे शेजारच्या इप्सविच शहरात.

पुढे डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने जाहीर केले की, जिथे काउंटी आणि डिस्ट्रिक्ट असा दुहेरी कारभार आहे तिथे एकच मोठी कौन्सिल आणायची. पुतणीने पत्रात लिहिले, ‘काका, शेजारचे आजोबा विचारताहेत, त्या नव्या कौन्सिलची कचेरी आता आणखी किती मैल लांब जाणार?’