शनिवारची शेंगोळी

शेंगोळी ताटात वाढली तेव्हा बांसवाड्याचा मुलगा म्हणाला, "आंटी, ये तो गट्टे हैं." मी सांगितलं, गट्टे बेसनाचे, ही हुलग्याच्या पिठाची, आमच्या नगरकडं थंडीत करतात. त्यानं एक घास खाल्ला, जरा विचार केला आणि म्हणाला, "गट्टे ही हैं." नर्सिंग शिकणारी केरळची मुलगी हसत सुटली. मिझोरमच्या मुलीनं काही न बोलता आणखी भात घेतला. ही 2019 च्या हिवाळ्यातली गोष्ट, मालवीय नगरातल्या आमच्या भाड्याच्या घरातली. त्या शनिवारी बायबल अभ्यास झालाच नाही.

तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते. यांच्या बदलीमुळं नगरची शाळेतली नोकरी सोडून जयपूरला आले होते. मुलगा पुण्याला शिकायला गेला होता आणि फोनवर त्याची उत्तरं एका शब्दावर आली होती. दुपारी घरात फक्त कूलरचा आवाज. आजार म्हणावा असा काही नव्हता, पण सकाळी उठायला कारण लागतं हे मला त्या वर्षी पहिल्यांदा कळलं.

मंडळीत एका रविवारी विचारणा झाली की बाहेरगावच्या विद्यार्थ्यांसाठी कुणी आठवड्यातून एकदा घर उघडं ठेवील का. अपेक्षा अर्थातच एखाद्या तरुण जोडप्याची होती, गिटार वाजवणाऱ्या. मला गिटार येत नाही. मोठ्या मंडळींना वर्तुळात उभं करून टाळ्या वाजवायला लावणारे खेळ तर मला अजिबात सहन होत नाहीत. मी हात वर केला कारण माझ्याकडं मोठं पातेलं होतं. हे मी तेव्हा विनोदानं म्हटलं होतं. आता वाटतं, तेवढंच खरं कारण होतं.

विद्यार्थ्यांमधलं काम मला अगदीच नवं नव्हतं. अहमदनगर कॉलेजात असताना मी स्वतः अशा एका प्रार्थनागटात बसत असे. युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया 1954 साली उभी राहिली, तेव्हापासून या कामाची रीत अशी की पुढाकार विद्यार्थ्यांनी घ्यायचा आणि पदवीधरांनी मागं उभं राहायचं. विशीत मला ही रीत फार आवडायची, कारण मी पुढं होते. मागं उभं राहणं म्हणजे काय, हे शिकायला पन्नाशी यावी लागली.

जयपूरला पर्यटक येतात ते हवामहल बघायला. माझं जयपूर म्हणजे गोपालपुरा बायपास. दोन्ही बाजूंना कोचिंग क्लासेसच्या पाट्या, त्यांवर पहिल्या आलेल्यांचे पासपोर्ट फोटो, आणि मागच्या गल्ल्यांत एकेका खोलीत दोन-तीन पोरं. कुणी पटवारी, कुणी शिक्षक, कुणी आर.ए.एस. होण्यासाठी आलेलं. बांसवाड्याला रेल्वे नाही. हा मुलगा रात्रभर बसनं यायचा. भिल्ल घरातला, आजोबांपासून ख्रिस्ती. घरी वागडी बोलायचा, आमच्याशी हिंदी. शिक्षक व्हायचं हे त्याचं सातवीपासून ठरलेलं होतं.

लॉकडाऊनमध्ये शनिवार फोनवर गेले आणि जवळजवळ संपले. 2021 च्या उन्हाळ्यात माणसं गेली, त्यात दोघा मुलांचे वडील होते. त्याबद्दल इथं लिहीत नाही. पावसाळ्यानंतर पुन्हा जमलो तेव्हा सगळ्यांची भूक वाढलेली होती आणि बोलणं कमी झालेलं.

26 सप्टेंबरला रीट झाली. शिक्षकभरतीची ती परीक्षा राजस्थानात एखाद्या सणासारखी, किंवा वादळासारखी येते. त्या दिवशी जयपुरात इंटरनेटही बंद होतं. नोव्हेंबरात निकाल लागला. आमच्या मुलाला उत्तम गुण होते. नोकरी लागल्यातच जमा, असं सगळे म्हणत होते. आणि मी एक गोष्ट केली. पुढच्या रविवारी त्याला उपासनेत उभं राहून साक्ष द्यायला लावली. तो नको म्हणत होता. मीच त्याच्यासाठी हिंदीत चार वाक्यं लिहून दिली: देवानं प्रार्थना ऐकली, देवानं दार उघडलं. लोक 'आमेन' म्हणाले. मला फार बरं वाटलं. त्या बरं वाटण्यात माझाच वाटा मोठा होता, हे मान्य करायला हवं. दोन वर्षं शेंगोळी वळली होती, त्याचं फळ मला मंडळीला दाखवायचं होतं.

फेब्रुवारी 2022 मध्ये पेपरफुटीमुळं रीटचा दुसरा स्तर रद्द झाला. त्याची परीक्षा तीच.

तो शनिवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी मेसेज केले, तेही वचनं पाठवून. आज ते वाचले की लाज वाटते. तिसऱ्या आठवड्यात केरळच्या मुलीनं, तिला अशा बाबतीत भीडभाड नाही, मला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, "आंटी, तो देवावर रागावलेला नाही. त्याला चर्चमध्ये तोंड दाखवायची लाज वाटते. त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं होतं ना."

मी रिक्षा केली आणि गोपालपुऱ्याला गेले. खोली तिसऱ्या मजल्यावर. त्याचा जोडीदार मला बघून बाहेर निघून गेला. आत एक खाट, भिंतीवर राजस्थानचा नकाशा, खिडकीत वाळत घातलेला टॉवेल. तो उठून उभा राहिला, मला खुर्ची दिली, स्वतः उभाच. रिक्षात मी काय काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं, ईयोबपर्यंत पोचले होते. ते काही तोंडातून आलं नाही. मी म्हटलं, "ती वाक्यं तुझी नव्हती, माझी होती. देव तुझ्यासाठी काय करणार हे मला माहीत नव्हतं आणि मी माहीत असल्यासारखं वागले. मला माफ कर."

चोवीस वर्षांच्या पोराची माफी मागायला माझी जीभ वळेना. माझ्या पोटच्या मुलाची मी ती कधी मागितली नव्हती. तो बराच वेळ टॉवेलाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "आंटी, चाय?" खाली टपरीवर जाऊन दोन कागदी कप घेऊन आला. आम्ही चहा प्यायलो. देवाचं नाव त्या खोलीत पुन्हा निघालं नाही. जिना उतरताना मला इतकं हलकं वाटत होतं की मी स्वतःलाच घाबरले: पोराची नोकरी गेली आणि आपल्याला आनंद कसला होतोय?

त्या संध्याकाळी मी पुण्याला फोन लावला. बारावीनंतर मुलानं चर्चला येणं सोडलं तेव्हा मी त्याला जे बोलले होते, त्याबद्दल. तो संवाद आमच्या दोघांचा आहे. एवढंच सांगते की त्या दिवशी त्याची उत्तरं एका शब्दाची नव्हती.

या काळात मला लक्ष्मीबाई टिळक फार आठवायच्या. आम्हा नगरकर ख्रिस्ती लोकांना 'स्मृतिचित्रे' घरच्यासारखी. 1907 साली जळगावला कविसंमेलन झालं, त्यात बालकवी ठोंबरे हा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा नारायण वामन टिळकांच्या नजरेत भरला आणि पुढं नगरला त्यांच्या घरीच राहिला. टिळक तेव्हा पंचेचाळिशीतले. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले, मिशनमध्ये काम करणारे, मुक्तकंठानं ख्रिस्ताबद्दल बोलणारे. तो मुलगा त्यांच्या घरी जेवला, रुसला, कविता करत राहिला आणि हिंदूच राहिला. टिळकांच्या कामाचा हिशेब मांडताना लोक त्यांची भजनं मोजतात, 1917 चा 'देवाचा दरबार' मोजतात. मला विचाराल तर त्या मुलाला मोकळं राहू दिलं हेही त्यांचं सेवाकार्यच. स्वयंपाक अर्थात लक्ष्मीबाईंचा.

आमच्या शनिवारांना कधी कधी मुलांच्या हिंदू मैत्रिणी, मित्र येतात. राजस्थानात 2025 साली धर्मांतरविरोधी कायदा झाला, तेव्हापासून मंडळीतले काहीजण म्हणतात, बाहेरच्यांना बोलावू नका. त्यांची भीती खोटी नाही. मी येणाऱ्याला एवढंच सांगते की आम्ही जेवणाआधी शास्त्र वाचतो आणि प्रार्थना करतो. बसायचं तर बसा, गच्चीवर थांबायचं तर थांबा, आणि घरी सांगून या. बहुतेक बसतात. एकजण दर वेळी गच्चीवर जातो आणि पंगत बसली की बरोबर खाली येतो. त्याला मी ताट वाढते.

साक्षी लिहून देणं मी बंद केलं आहे. अभ्यासही आता मुलंच घेतात. मिझोरमची मुलगी एम.एन.आय.टी.मधून बाहेर पडून बंगळुरूला नोकरीला लागली, तिच्या जागी नवी आली. तिला हुलगे आवडत नाहीत हे तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं. गुडघे दुखतात. साडेनऊनंतर माझे डोळे मिटायला लागतात, ते पाहून मुलं आपणहून भांडी घासतात आणि कढई नेहमी चुकीच्या जागी ठेवतात.

बांसवाड्याचा मुलगा जुलै 2022 च्या रीटमध्ये पात्र ठरला, पण पुढच्या भरतीपरीक्षेत थोडक्यात राहिला. आता गावी आहे. शेत बघतो, शिकवण्या घेतो आणि रविवारी मंडळीत शब्बाथशाळा चालवतो, वागडीतून. नोकरीचं अजून काही नाही. मीही "होईल" म्हणत नाही. शनिवारी दुपारी त्याचा फोन येतो, दुसऱ्या दिवशीच्या तयारीसाठी. परवा अम्माऊसच्या वाटेची गोष्ट होती: दोघं शिष्य निराश होऊन चाललेले, येशू त्यांच्याबरोबर चालतो आणि भाकर मोडेपर्यंत ते त्याला ओळखत नाहीत. त्यानं विचारलं, "आंटी, का नाही ओळखलं?"

मला माहीत आहेत ती पुस्तकी कारणं सांगता आली असती. म्हटलं, पोरांनाच विचार.

रविवारी संध्याकाळी त्याचा पुन्हा फोन. आठ वर्षांच्या एका मुलीनं उत्तर दिलं होतं. म्हणाली, कच्च्या रस्त्यानं चालत आले होते ना, डोळ्यांत धूळ गेली असेल.

मी ते माझ्या शास्त्राच्या समासात पेन्सिलीनं लिहून ठेवलं आणि खाली तारीख घातली.