लेकीचं बिल्ड आणि माझी एक्सेल शीट

मंडळी, ३१ जानेवारी एकदाची गेली. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, सेल्फ असेसमेंटची शेवटची तारीख म्हणजे आमच्या धंद्यातला शिमगा. वर्षभराच्या पावत्या शेवटच्या आठवड्यात पिशवीत कोंबून आणणारे लोक अजूनही आहेत. तो गोंधळ आवरला, आता बरेच दिवस मनात असलेलं लिहिते. इथे दर दोन-तीन आठवड्यांनी कोणीतरी विचारतं, “मुलं सारखी गेम खेळतात, काय करायचं?” आणि खाली सल्ल्यांचा पाऊस पडतो. माझं उत्तर जरा वेगळं आहे, कारण आमच्या घरात गेमचं वेड आधी मला लागलं, लेकीला नंतर.

मी ४४ वर्षांची, पुण्यात आर्टिकलशिप केलेली सीए. दिवसभर व्हॅट आणि पेरोल, आणि रात्री ओटा आवरला की फँटसी रोल प्लेइंग गेम. गोळ्या झाडायचे, गाड्या पळवायचे गेम मला जमत नाहीत, बोटं तेवढी चालत नाहीत. हे गेम संथ असतात. आधी एक पात्र तयार करायचं, त्याला काय येतं आणि काय येत नाही ते ठरवायचं, मग त्याला जगात सोडून द्यायचं. ह्या ठरवण्याला ‘बिल्ड’ म्हणतात. खरं सांगू का, मला लढाईपेक्षा बिल्ड करण्यातच जास्त मजा येते. नवरा म्हणतो, तू ऑफिसातून सुटून परत ऑफिसातच बसतेस.

ह्या सगळ्याचं मूळ म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, १९७४ साली अमेरिकेत निघालेला कागद, पेन्सिल आणि फाशांचा खेळ. त्याच्या पाचव्या आवृत्तीत पात्र बनवायची एक पद्धत आहे, ती सरळसरळ बजेट आहे. ताकद, चपळाई, चिवटपणा, बुद्धी, शहाणपण आणि समोरच्यावर पडणारी छाप असे सहा गुण. प्रत्येक गुण ८ पासून सुरू होतो. खर्चायला २७ पॉइंट. १३ पर्यंत दर पायरीला एक पॉइंट लागतो, १४ आणि १५ ला मात्र दोन-दोन, आणि १५ च्या वर विकत घेता येत नाही. थोडक्यात, टॅक्सचे स्लॅब! तीन गुण १५ वर नेलेत की २७ पॉइंट संपले, उरलेले तिन्ही ८ वर. शिवाय १२ आणि १३ चा फायदा सारखाच, खरी वाढ सम आकड्याला मिळते. जो गुण तुम्ही मुद्दाम तळाला ठेवता त्याला ‘डंप स्टॅट’ म्हणतात. पहिल्यांदा हा तक्ता बघितला तेव्हा वाटलं, हे तर माझंच काम आहे, फक्त ह्यात ड्रॅगन आहेत.

पण मी खरी अडकले ती ‘डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २’ मध्ये. बेल्जियममधल्या गेंटची लॅरियन स्टुडिओज ही कंपनी. मोठ्या प्रकाशकाच्या दारात न जाता त्यांनी २०१५ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून वीस लाख डॉलरच्या वर जमवले, आणि २०१७ मध्ये गेम स्वतःच बाजारात आणला. (पुढे ‘बाल्डर्स गेट ३’ त्यांनीच केला, तो बऱ्याच जणांना ऐकून माहीत असेल.)

आता ह्यातली एक गंमत सांगते, आकड्यांचा कंटाळा असेल तर हा परिच्छेद सोडून द्या. समजा तुमचं पात्र धनुर्धारी आहे. साधा माणूस काय करेल? चपळाई वाढवेल आणि धनुष्याचं कौशल्य वाढवेल. दोन्हींत दर पॉइंटला नुकसान ५ टक्के वाढतं. पण ह्या दोन्ही टक्केवाऱ्यांची आपसात बेरीज होते. ‘वॉरफेअर’ नावाचं तिसरं कौशल्य आहे, दिसायला तलवारवाल्यांचं, तेही ५ टक्केच देतं. मात्र ते सगळ्या शारीरिक नुकसानीवर लागतं आणि वेगळं गुणलं जातं. म्हणजे चपळाई ३० वर असेल तर तिचा १०० टक्के फायदा. त्यात धनुष्याचे दहा पॉइंट मिळवले तर मूळ नुकसानीच्या अडीच पट. तेच दहा पॉइंट वॉरफेअरमध्ये घातले तर दोन गुणिले दीड, पूर्ण तीन पट. धनुष्यामुळे अचूक घाव बसायची शक्यता थोडी वाढते हे कबूल, तरी पहिले दहा पॉइंट वॉरफेअरलाच. सरळ व्याज आणि चक्रवाढ व्याज ह्यातला फरक मी क्लायंटना वर्षानुवर्षं समजावतेय, इथे तो एका धनुर्धाऱ्याने दोन मिनिटांत दाखवला. त्या रात्री मी एक्सेल उघडली. ती शीट अजून आहे, सात टॅब झालेत.

हा गेम थोरांचा आहे, रक्त आहे, शिव्या आहेत. आधी मी एकटीने पूर्ण केला, मग लेकीला हातात दिला. दोघींना एकाच टीव्हीवर पडदा अर्धा अर्धा करून खेळता येतो. आणि इथे एक गोष्ट झाली जी शनिवारच्या मराठी शाळेला जमली नव्हती. ह्या गेममध्ये जमिनीवर तेल पसरता येतं, पाणी ओतता येतं, पाण्यातून वीज सोडता येते. चौघांच्या टोळीत लेकीच्या दोन मैत्रिणी ऑनलाइन असतात, त्यांना मराठी येत नाही. त्यांना न कळता चोऱ्या करायला आम्हाला भाषा सापडली! “आई, तू त्याला बोलण्यात गुंतव, मी मागून जाते.” “थांब गं, आधी तेल ओत, मग मी काडी लावते.” आगीत तेल ओतणे ह्या वाक्प्रचाराचा अर्थ मला तिला कधीच समजावून सांगावा लागला नाही. परदेशात वाढणाऱ्या मुलांच्या बिल्डमध्ये मराठी हा ठरलेला डंप स्टॅट असतो, आपण सगळे जाणतो. आमच्याकडे तो निदान ८ वरून १० वर आलाय.

तर लेकीचं पात्र. माझी शीट तिला दिली होती. तिने बघितली आणि टॅलेंटच्या जागी ‘पेट पाल’ घेतलं. टॅलेंट फार थोडे मिळतात, एकेक जपून वापरायचा. पेट पालने काय होतं? प्राण्यांशी बोलता येतं. बस. एका टक्क्याचंही नुकसान वाढत नाही. मी म्हटलं, अगं, त्यापेक्षा शत्रू बाजूने पळाला की फुकट वार करायला देणारं टॅलेंट घे. नाही म्हणाली. मग ती त्या बेटावरच्या प्रत्येक उंदराशी, कोंबडीशी, खेकड्याशी बोलत हिंडली. एक कुत्रा आपल्या एमी नावाच्या मैत्रिणीला शोधत असतो. पुढे ती पहाऱ्यावर ठेवलेली भेटते, तिच्याशी लढावं लागतं किंवा बोलावं लागतं, आणि बोलायला पेट पाल लागतं. लेकीने सोबत एक लाल चेंडू जपून आणला होता. मी तीच जागा आधीच्या खेपेला दोन फेऱ्यांत साफ केली होती, कुत्र्यांना नावं आहेत हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

लेक म्हणाली, “आई, तू दहा वॉरफेअर घेतलंस कारण तुला मारायचं होतं. मला बोलायचंय.”

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे घरात ए लेव्हलचं चाललंय. लेक इयर इलेव्हनला आहे. भारतातल्या वाचकांसाठी सांगते, इथे सोळाव्या वर्षी मुलं बहुतेक करून तीनच विषय ठेवतात, बाकी सगळं सोडतात. तीन गुण १५ वर, उरलेले ८ वर. तिने फॉर्मवर लिहिलंय मॅथ्स, हिस्टरी आणि आर्ट. केमिस्ट्री नाही. ती केमिस्ट्रीत कच्ची नाही, चाचणी परीक्षेत चांगले मार्क आहेत, आणि म्हणूनच घरात शांतता आहे, ती विशिष्ट शांतता. सासरे सांगलीहून दर रविवारी व्हिडिओ कॉल करतात. केमिस्ट्री सोडली की मेडिसिनची बहुतेक दारं बंद होतात हे त्यांनी कुठूनतरी बरोबर शोधून काढलंय. “बाळा, डॉक्टर नाही तर नाही, पण दार कशाला बंद करायचं?” असं अगदी प्रेमाने म्हणतात. आणि मला त्यांचं म्हणणं कळतं. माझं आणि नवऱ्याचं बिल्ड एकाच गुणाचं होतं, मार्क. सगळे पॉइंट तिथे. त्यावर नोकरी मिळाली, त्यावर व्हिसा मिळाला, त्यावर हे घर. आमच्याकडे उंदरांशी बोलायला पॉइंट शिल्लक नव्हते.

डिव्हिनिटीत पहिला भाग संपला की तुम्ही ज्या जहाजावर जाता, तिथे एक जादूचा आरसा असतो. त्यात बघून पूर्ण बिल्ड पुसून नव्याने करता येतं, फुकट, हवं तितक्या वेळा. बाल्डर्स गेटमध्ये त्याच कामाला शंभर मोहरा पडतात. इथल्या सिक्स्थ फॉर्ममध्ये पहिले काही आठवडे विषय बदलता येतात, नंतर आरसा बंद.

नवऱ्याने मला सांगितलं, तू तिच्याशी बोल, तुमचं गेमच्या भाषेत जमतं. मी बोललेही. दोन टॅबची शीट केली, विषयांची जोडी आणि त्यातून कोणते कोर्स मिळतात. तिने शांतपणे पूर्ण वाचली. एक चूकही काढली. मग विचारलं, “ह्यात मला काय आवडतं त्याचा कॉलम कुठाय?” मी म्हटलं, तो तू भर. अजून रिकामा आहे. भरायला सांगितल्यावर लगेच भरला असता तर मला जास्त काळजी वाटली असती.

ह्याच काळात मी एकटी ‘डिस्को एलिसियम’ खेळतेय, सगळे झोपल्यावर. हा तर अगदी मोठ्यांचाच गेम. एस्टोनियातल्या लेखक-चित्रकारांच्या गटातून २०१९ मध्ये आला. ह्यात नेहमीसारखी लढाई नाहीच. स्मृती गेलेला, दारूने पोखरलेला एक पोलीस, आणि त्याच्या डोक्यात बोलणारी २४ कौशल्यं. सुरुवातीला चार मूळ गुणांत १२ पॉइंट वाटायचे. शरीराकडे फारच दुर्लक्ष केलंत तर पंख्याला अडकलेला टाय ओढताना हार्ट अटॅक येऊन गेम पहिल्याच खोलीत संपू शकतो. पण मला भावली ती वेगळी गोष्ट. इतर गेममध्ये कौशल्य वाढवलं की फायदाच. इथे तर्क फार वाढवला तर माणूस गर्विष्ठ होतो, कोणी बुद्धीचं कौतुक केलं की सहज फसतो. नाट्यकौशल्य वाढवलं की सगळेच खोटं बोलताहेत असं वाटायला लागतं. प्रत्येक जमेसमोर एक नावे नोंद. वीस वर्षं द्विनोंदी पद्धतीवर पोट भरतेय, पण माणसाचा ताळेबंद असा मांडलेला मी कुठे पाहिला नव्हता. मार्कांच्या जमेसमोर आमच्या खात्यात नावे बाजूला काय पडलं, हे मी एका रात्री दीड वाजता बसून मोजलं. इथे लिहीत नाही.

लहान मुलं असतील त्यांच्यासाठी मात्र मी ‘वाइल्डरमिथ’ सुचवेन. टेक्सासमधल्या एका छोट्या टीमचा, २०२१ मध्ये पूर्ण झालेला गेम, चित्रं कागदाच्या कात्रणांसारखी. योद्धा, शिकारी आणि मांत्रिक असे तीनच वर्ग, त्यामुळे शीटची गरज पडत नाही. पण ह्यातली पात्रं म्हातारी होतात. एका अध्यायानंतर मधे वर्षं निघून जातात, केस पांढरे होतात, कोणी प्रेमात पडतं, मुलं होतात, ती मुलं मोठी होऊन टोळीत येतात आणि आईवडील निवृत्त होतात. लढाईत कोणी कोसळलं तर गेम तुम्हालाच विचारतो. इथेच वीरमरण पत्करून जाता जाता सोबत्यांना काही देऊन जायचं, की हात-पाय गमावून जिवंत परत यायचं? आणि पात्र शेवटी कसं घडेल हे बरंचसं वाटेत काय भेटलं त्यावर ठरतं. रानात एखाद्या कोल्ह्या-लांडग्याच्या देवतेचं ऐकलं तर माणसाचं रूपच बदलत जातं. असं काही होणार हे पहिल्या दिवशी आखता येत नाही.

लेकीबरोबर माझी तिथे मोहीम सुरू आहे. माझी मांत्रिक आता साठीची झालीय, पुढच्या अध्यायात बहुतेक निवृत्त होईल. लेकीने तिच्या मुलीला शिकारी केलंय. मी म्हटलं, आईचा वारसा, मांत्रिक कर, आकडे चांगले पडतील. तिने माझ्याकडे नुसतं बघितलं.

फॉर्म गेलाय. पक्कं व्हायचं ते ऑगस्टमध्ये, जीसीएसईच्या निकालानंतर. रविवारी सांगलीला काय सांगायचं ते मी सांगेन, लेकीवर सोडणार नाही. तुमच्यापैकी कोणाच्या मुलांनी सायन्समध्ये बरे मार्क असूनही हिस्टरी किंवा आर्ट घेतलं असेल, तर पुढे काय झालं ते खाली लिहा. चांगलं-वाईट, जे असेल ते, पण खरं लिहा. आणि वाइल्डरमिथ कोणी खेळत असेल तर तेही सांगा, आमच्या योद्ध्याचा डावा पाय गेलाय, त्याला पुढे कोणतं शस्त्र द्यावं ह्यावर घरात दोन मतं आहेत.