दोर ताणला जातो तेव्हा

हुणसूर, संध्याकाळ.

लक्ष्मणतीर्थाच्या काठावर बसलोय. ही नदी इथून पुढे कृष्णराजसागरात कावेरीला मिळते. दुपारी रंगनतिट्टूला कावेरीकाठी बांबूचा गोल हरिगोल पाहिला. वल्ह्याचा एक फटका, की तो स्वतःभोवती गिरकी घेतो. त्याला पुढचं-मागचं टोकच नाही.

तेव्हापासून डोक्यात स्पर्धेची वॉटर-स्की बोट घोळतेय. तिच्याकडून मागणी नेमकी उलटी: काहीही होवो, रेषा सोडायची नाही. स्लालमचा, म्हणजे बोयांना वळसे घालत जायचा, मार्ग २५९ मीटरचा, सहा बोये, पुरुषांसाठी कमाल वेग ताशी ५८ किलोमीटर. मागचा खेळाडू एका बाजूने दुसऱ्या बाजूला झेपावतो, तेव्हा दोर बोटीला आडवा ओढतो. म्हणून दोराचा खांब नावेच्या मध्याजवळ, तळाला पंख. चांगली बोट ती, जिच्या सुकाणूवर चालकाला झटापट करावी लागत नाही.

पण खरी परीक्षा मागे, पाण्यात. बोटीची लाट बुटकी आणि मऊ हवी. कडक लाट गुडघ्यांना कळते. वेग ओढीखाली दबला, की खेळाडूची लय तुटते. दोर १८.२५ मीटरपासून आखूड होत जातो. बोया मात्र मध्यरेषेपासून साडेअकरा मीटरवरच. दोर ११.२५ वर आला, की तो बोयापर्यंत पोचतच नाही. उरलेलं अंतर माणसाने स्वतःचं शरीर झोकून भरायचं. मला या खेळातलं हेच सगळ्यात सुंदर वाटतं. असं झोकून देताना पुढची बोट तसूभरही हलणार नाही, एवढा भरवसा लागतो.

अंधार पडला. नदीचा आवाज तेवढा येतोय.