जोडी नसलेला पोळा

यंदा श्रावणात एका रात्री जेवताना बाबांना मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. इंडोनेशियातल्या सुंबा बेटावरचा ‘पासोला’. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास समुद्रकिनारी न्याले नावाचे किडे दिसले, की घोडेस्वारांचे दोन गट समोरासमोर येतात आणि एकमेकांवर लाकडी भाले फेकतात. भाले आता बोथट असतात, तरी रक्त सांडतं. ते जमिनीवर पडलं की पीक चांगलं येतं, अशी तिथली श्रद्धा.

बाबा म्हणाले, “हे तं आपल्या पोळ्यासारखंच हाय. आपण फक्त तोंडानं मारतो.”

खरं होतं. श्रावण अमावस्येला आमच्या यवतमाळकडच्या गावांत सजवलेल्या जोड्या तोरणाखाली उभ्या राहतात आणि झडत्या सुरू होतात. एकानं म्हणायची, दुसऱ्यानं त्यावर चढ म्हणायची. महादेव-पार्वतीपासून निघालेली झडती कापसाचा भाव, सावकार, पुढारी असं सगळ्यांना झोडपत जाते आणि ‘हर हर महादेव’वर संपते. रक्त निघत नाही, पण वार लागतो.

बाबांना तो २०१८ साली लागला. आदल्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला आणि आम्ही जोडी विकली. पोळ्यात एका काकांनी बैल विकून तोरण बघायला येणाऱ्यांवर झडती टाकली. सगळे हसले. गावात झडतीला बाबांचा हात धरणारा कोणी नव्हता, पण त्या दिवशी ते गप्प राहिले. त्यानंतर पोळ्यात गेलेच नाहीत. शेजारची जोडी दारात आली तरी आईच पूजा करायची; बाबा आतल्या खोलीत.

व्हिडिओ संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “घोड्यावरून पडलेला माणूस पुढच्या साली येते का?”

“येत असेल,” मी म्हणालो.

पोळ्याला ते दुपट्टा टाकून निघाले. तोरणाखाली जोड्या मोजक्याच होत्या. ते काकाही यंदा रिकाम्या हातानं उभे होते. मागून बाबांचा आवाज आला. झडती ट्रॅक्टरवर होती: त्याला पुरणपोळी चारता येत नाही, त्याच्या खांद्याला हळद लावता येत नाही, आणि हप्ता चुकला की तो मालकाला न विचारता बँकेत जाऊन उभा राहतो.

सगळ्यात आधी काकाच हसले.

संध्याकाळी शेजारची जोडी दारात आली. बाबांनी स्वतः बैलांचे पाय धुतले, पुरणपोळी चारली, बोजारा दिला. मग धाकट्या बैलाच्या खांद्यावर बराच वेळ हात ठेवून उभे राहिले.