अकरा पायऱ्या

आमच्या आळीत आता घरं खांबांवर उभी राहू लागली आहेत. खाली दुचाक्या, वर माणसं. 22 जुलै 2021 चा पूर ज्याने पाहिला तो असंच बांधणार, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं एका फणसाच्या खांबाबद्दल आहे.

खेडच्या बाजारपेठेमागून ही आळी जगबुडी नदीकडे उतरते. महामार्ग भरण्यावरून बाहेरच्या बाहेर जातो, म्हणून ट्रकांचा आवाज इथवर येत नाही. लोट्याच्या कारखान्यांत नोकरीला आलेली माणसं, एसटीतले, शाळामास्तर, बिऱ्हाड करायचं तर आधी याच बाजूला खोली विचारत. पोरं कुणाच्याही ओटीवर जेवायची आणि कुणाच्याही हातचा मार खायची.

आमची आणि काकीची पडवी एकच. काकी नात्याची नव्हे, शेजारची. पडवीच्या मधोमध तो खांब. त्यावर काकी कोयत्याने दोन प्रकारच्या खाचा पाडायची. डाव्या अंगाला आम्हा पोरांची उंची, उजव्या अंगाला पुराचं पाणी. पुरांना तिने सालं कधी दिली नाहीत. एक धाकट्याच्या बारशाचा पूर, एक गाय व्याली तेव्हाचा, एक माझ्या चौथीतला. घाटमाथ्यावर पाऊस कोसळला आणि त्याच वेळी दाभोळच्या खाडीत उधाणाची भरती असली, की जगबुडीला पुढे वाट मिळत नाही. हे शास्त्र तिला अमावास्या-पौर्णिमेच्या हिशेबाने ठाऊक होतं. आता मोबाइलवर कळतं, इशारा पातळी 5 मीटर, धोका पातळी 7 मीटर. काकी गढूळ पाण्याचा वास घ्यायची आणि तांदळाची कणगी रिकामी करायला लागायची.

माझ्या चौथीतला पूर आला तो तिन्हीसांजेला. आमचे आईबाबा एका लग्नाला गावी गेलेले, ते पलीकडेच अडकले. काकीने तीन घरांतली पोरं गोळा केली, मोजली, पुन्हा मोजली आणि आपल्या माळ्यावर चढवली. आम्ही सातजण. कंदील, पोह्यांचा डबा, गूळ आणि तिची जुनी लुगडी, एवढंच सामान वर होतं. मला तिने जिन्याच्या तोंडाशी बसवलं आणि काम दिलं, पायऱ्या मोजायच्या. खाली अंधारात पितळेची भांडी एकमेकांवर आपटत होती. थोड्या थोड्या वेळाने ती विचारायची,

"कितवी रे बाबू?"

"चौथी बुडाली, काकी."

"बरं. अकरा आहेत."

धाकटा रडायला लागला तेव्हा तिने त्याला मांडीवर घेतलं, पण विचारणं थांबवलं नाही. सहाव्या पायरीवर पाणी थबकलं. मी तिला तीनदा सांगितलं तेव्हा कुठे ती भिंतीला टेकली, आणि मी पाहिलं की तिचे हात थरथरत होते. तेवढा वेळ ते तिने पदराखाली धरले होते. सकाळी चिखल उपसण्याआधी तिने खांबावर खाच पाडली आणि मला शेजारी उभं केलं. पाणी माझ्या डोक्यावरून गेलं होतं. "याच्याहून उंच झालास की मग मुंबईला जा," म्हणाली.

मी उंच झालो आणि गेलो. 26 जुलै 2005 ला मुंबई बुडाली आणि खेडही. फोन बंद होते. मी दादरला अडकलो होतो आणि डोक्यात एकच, तिच्या माळ्यावर आता मोजायला कोण असेल? ती वाचली. त्या पुराची खाच तिने एकटीने पाडली. पुढे चार वर्षांनी ती गेली.

2021 नंतर भावाने आमचं घर विकायला काढलं. मला कळलं तेव्हा कौलं उतरली होती. जुनं लाकूड घेणारे आले आणि वासे, दारं, खांब एका टेम्पोतून घेऊन गेले. भाव म्हणे चांगला मिळाला. तो खांब निम्मा काकीचा होता हे भावाला माहीत होतं. उजव्या अंगाच्या खाचा कुणा पर्यटकाच्या बंगल्यात आता नक्षी म्हणून दिसत असतील. मी अजून त्याला माफ केलेलं नाही.

परवा गेलो तेव्हा पागोळ्या गळत होत्या आणि आळी पूर्वीसारखीच शांत होती. आमच्या जागेवरच्या इमारतीखाली एक मुलगा सायकल फिरवत होता. त्याला विचारलं, पहिल्या मजल्यापर्यंत पायऱ्या किती रे? त्याला ठाऊक नव्हतं. सायकल टाकून तो धावत वर गेला, मोठ्याने मोजत. वरून ओरडला, "सतरा!"

मी खाली उभा होतो. म्हटलं, "पुन्हा एकदा मोज, बाबू."